सोयाबीन आणि सस्पेन्स खातं

बँकेतल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट जुळलेली लागते. दिवसअखेर कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक निघाला, की आमची अख्खी शाखा ते दहा रुपये शोधत बसते. तेवढ्या वेळात चहाचेच शंभर रुपये होतात. एकदा एका समजूतदार सहकाऱ्यानं, "माझ्या खिशातले दहा घाला, पण मला घरी जाऊ द्या," असं म्हणून पाहिलं. हेडकॅशियरनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं गाभाऱ्यात चपला घालून जायची परवानगी मागितली होती. दहा रुपये गेले याचं आम्हांला दुःख नसतं. ते का गेले, हे कळलं पाहिजे.

मी बी. कॉम. आहे. 'प्रत्येक डेबिटला एक क्रेडिट असतं' हे मी पहिल्या वर्षाला शिकलो आणि पुढच्या दोन वर्षांत त्यात काही विशेष भर पडल्याचं स्मरत नाही. एवढ्या भांडवलावर मी बँकेत बावीस वर्षं काढली. भांडवल तिथं पुरलं. घोटाळा झाला तो ते मी घरी वापरायला काढलं तेव्हा.

त्याचं असं झालं. माझी थोरली बहीण, ताई, लातूरजवळ एका खेड्यात असते. दाजींची सहा एकर जमीन आहे आणि त्या भागातल्या बहुतेक जमिनींप्रमाणे तीही पावसाळ्यात सोयाबीन पिकवते. त्या सोयाबीनवर ताईनं घर बांधलं, दोन मुली शिकवल्या आणि एकीचं लग्न केलं. आमच्या घरात शेअरबाजार वर जातो की खाली हे कोणी विचारत नाही. मोंढ्यात सोयाबीनचा भाव काय निघाला, हे मात्र माझ्या धाकट्या मुलालाही पाठ असतं.

ताई दळणातसुद्धा सोयाबीन घालायची. दहा किलो गव्हाला एक किलो सोयाबीन, तेही भाजून. कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात एका बाईंनी सांगितलं होतं, की कच्चं सोयाबीन पचनाला आडवं येतं, भाजलं की निमूट होतं. (हे खरं आहे. माझ्या ओळखीच्या पुष्कळ माणसांनाही लागू आहे.) दर दिवाळीला त्या पिठाचा एक डबा पुण्याला आमच्याकडे यायचा. पोळ्या जरा पिवळसर व्हायच्या. "पोळीला रंग कसला आलाय?" असं मी एकदाच विचारलं. आमच्या हिनं, "प्रोटीनचा," असं उत्तर दिलं आणि विषय मिटला.

२०२३ च्या संक्रांतीला ताई पुण्याला आली, तिळगूळ वाटून झाला आणि स्वयंपाकघरात तिनं आमच्या हिला हळूच सांगितलं, की छातीत गाठ लागतेय. रात्री हिनं ते मला सांगितलं. तेही पुटपुटत. आमच्या घराण्यात हा शब्द मोठ्यानं उच्चारायची पद्धत नाही. पुढचे आठ-नऊ महिने तपासण्या, ऑपरेशन, केमो आणि शेक असं सगळं यथासांग पार पडलं, पण आमच्या एकाही नातेवाइकानं आजाराचं नाव घेतलं नाही. "तिचं ते कसं आहे?" असं विचारायचे. मी स्वतः रजेच्या अर्जात 'बहिणीचं आजारपण' असं लिहिलं. साहेबांनी, "कसलं?" म्हणून विचारलं, तर मी, "पोटाचं," असं सांगून मोकळा झालो. चाळिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप, पण सख्ख्या बहिणीचा आजार चार बोटं खाली सरकवल्याशिवाय मला सांगता येईना!

भेटायला येणाऱ्यांची मात्र जीभ आजाराच्या नावापुरतीच अडायची. पथ्याचा विषय निघाला, की ती मोकाट सुटे. आत्या म्हणाली, दही बंद. समोरच्या फ्लॅटमधले काका म्हणाले, साखर बंद. आमच्या शाखेतल्या कर्जविभागानं गव्हांकुराचा रस सुचवला. (कर्जविभाग सुचवतो पुष्कळ, मंजूर काही करत नाही.) एका मावशींनी ॲल्युमिनियमच्या पातेल्यांवर ठपका ठेवला, दुसऱ्या मावशींनी मोबाइलवर, आणि हे दोघींनी एकमेकींना मोबाइलवरूनच कळवलं. आमच्या हिनं फ्रिजवर यादी लावली. तिसऱ्या आठवड्याला मी ती वाचली, तेव्हा निर्वेध म्हणावं असं अन्न वरण-भात एवढंच उरलं होतं, आणि त्यातलं वरण वादग्रस्त होतं.

मला यात गंमत वाटली, असं कृपा करून समजू नका. मीही त्यातलाच. ही सगळी माणसं वाईट नव्हती. फरक निघाला होता आणि जो तो आपापलं व्हाउचर घेऊन जुळवायला धावत होता, इतकंच.

मग एके दिवशी सोयाबीनचं व्हाउचर आलं.

फॅमिली ग्रुपवर ते पडलं. कोणी लिहिलं त्याचा पत्ता नव्हता, पण अक्षरं लाल होती आणि खाली सहा उद्गारचिन्हं होती. सोयाबीनमध्ये बायकांच्या शरीरातल्या इस्ट्रोजेनसारखं द्रव्य असतं, त्यामुळे स्तनाचा कर्करोग होतो, आजच घरातून बाहेर काढा, असा मजकूर. पाठवणारे आमचे एक चुलतभाऊ. मनात काही वाईट नसणार. वीज गेली तरी ते ग्रुपवर कळवतात. पण नेमक्या त्याच सुमाराला डॉक्टरांनी आम्हांला सांगितलं होतं, की ताईचा प्रकार हार्मोनवर पोसणारा आहे, म्हणून इस्ट्रोजेन कमी करणारी एक गोळी पाच वर्षं रोज घ्यायची. म्हणजे व्हाउचरवरची तारीख जुळत होती, रक्कम जुळत होती आणि खातंही जुळत होतं. माझ्यातला बी. कॉम. खडबडून जागा झाला.

खरं सांगायचं, तर मला थोडं बरंच वाटलं. सापडलं एकदाचं! मी कागद-पेन्सिल घेतली. ताईच्या रोजच्या पाच पोळ्या, पोळीला तीस ग्रॅम पीठ, त्यात अकरावा हिस्सा सोयाबीन, म्हणजे दिवसाला चौदा ग्रॅमच्या आसपास. गुणिले ३६५, गुणिले बारा वर्षं. साठ किलो सोयाबीन! आकड्याखाली मी दोन रेघा मारल्या. हिशेब बरोबर आला, की माणसाला तो खराही वाटायला लागतो. आमच्या धंद्यातले मोठमोठे घोटाळे याच भरवशावर होतात.

त्या दिवसापासून ताईनं पोळी सोडली. नुसता भात खाई. विचारलं तर, "भूकच नाही बघ," म्हणे. केमोनं जिभेची चव गेलेली, म्हणून आम्हीही फार खोदलं नाही. एका रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो, तर ताई स्वयंपाकघरात अंधारात बसलेली. डोक्यावर कोवळे कोवळे केस नुकते आले होते. पुढ्यात पिठाचा डबा.

"काय गं? झोप नाही?"

"बाळू, मला झालं ते झालं रे," ती म्हणाली. "पण दोन्ही लेकरांना मीच खाऊ घातलं. शाळेच्या डब्यात. नको म्हणायच्या, तर रागं भरून खाऊ घातलं."

माझ्या पेन्सिलीच्या दोन रेघा त्या क्षणी मला दिसल्या. कारण सापडल्याचा आनंद मी घेतला होता आणि त्याचं बिल ताईच्या नावावर फाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी डॉक्टरांकडे गेलो. एकटाच. बाहेर दीड तास बसून आत गेलो आणि खिशातून हिशेबाचा कागद काढला. डॉक्टरांनी तो पूर्ण वाचला. या माणसाला मी जन्मभर दुवा देईन. आमचे मॅनेजरसुद्धा माझा कागद पूर्ण वाचत नाहीत.

"बँकेत ना तुम्ही?" ते म्हणाले. "लॉकर असतील तुमच्याकडे. असं समजा, इस्ट्रोजेन ही खरी चावी. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन म्हणून द्रव्यं असतात, जेनिस्टीन, डायड्झीन वगैरे. त्या चावीसारख्या दिसणाऱ्या चाव्या. कुलपात शिरतात, पण जोर फार कमी. शिवाय कुलपं दोन तऱ्हेची, अल्फा आणि बीटा. या चाव्यांचा ओढा बीटाकडे, आणि बीटा कुलूप बहुतेक वेळा पेशींची वाढ आवरून धरतं. दिसण्यात सारखेपणा आहे म्हणून करणीही सारखी, असं नसतं."

"मग ही भीती आली कुठून?"

"उंदरांकडून," डॉक्टर म्हणाले.

ती हकिगत मी नंतर सवडीनं वाचून काढली. १९९८ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रतिकारशक्ती नसलेल्या, अंडाशय काढलेल्या उंदरांच्या अंगात माणसाच्या कर्करोगाच्या पेशी रुजवल्या आणि त्यांना जेनिस्टीन खाऊ घातलं. गाठी वाढल्या. प्रयोग खोटा नव्हता. पण उंदराचं शरीर आणि बाईचं शरीर जेनिस्टीनची विल्हेवाट एकसारखी लावत नाही. आपल्या अंगात त्यातलं बहुतेक सगळं बांधून निकामी केलं जातं, उंदराच्या रक्तात ते बरंच जास्त मोकळं राहतं. गंमत अशी, की १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषिविद्यापीठांना हाताशी धरून आपल्याकडे सोयाबीन रुजवायला मदत केली, तीही याच इलिनॉय विद्यापीठानं. म्हणजे कर्ज मंजूर करणारं आणि तीस वर्षांनी शंका काढणारं ऑफिस एकच. हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

"पण उंदीर सोडा," डॉक्टर पुढे म्हणाले, "बायकांचं काय झालं ते बघा. जपानी बाई टोफू, मिसो, नात्तो मिळून रोज २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन खाते. तुमच्या ताईंच्या पाच पोळ्या त्यापुढे जात नाहीत. आणि तिथं हा आजार पिढ्यान्‌पिढ्या पाश्चात्त्य देशांहून कमीच राहिला. तो सोयाबीनमुळेच कमी, असं मी म्हणणार नाही. पण सोयाबीन विष असतं तर उलटं दिसलं असतं."

मग त्यांनी शांघायचे दोन अभ्यास सांगितले. दोन्ही २००९ साली प्रसिद्ध झालेले. पहिल्यात ७३ हजारांवर निरोगी बायकांवर सरासरी सात वर्षं नजर ठेवली होती. ज्या बायका वयात येताना आणि पुढेही भरपूर सोयाबीन खात आल्या होत्या, त्यांना पाळी जाण्याआधी होणारा स्तनाचा कर्करोग कमी झाला होता. दुसऱ्यात आजार होऊन उपचार झालेल्या ५,०४२ बायका होत्या. त्यांतल्या जास्त सोयाबीन खाणाऱ्यांत आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं.

"वयात येताना?" मी विचारलं. "म्हणजे शाळेच्या डब्यात वगैरे?"

"शाळेच्या डब्यात वगैरे," डॉक्टर म्हणाले.

मी ते वाक्य हिशेबाच्या कागदावर, दोन रेघांच्या वर, लिहून घेतलं.

"मात्र एक," त्यांनी बोट वर केलं, "आता जाऊन सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या आणू नका. पोळीतलं, भाजीतलं सोयाबीन निराळं आणि डबीत कोंबलेलं निराळं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही अन्न म्हणून सोयाबीन खायला हरकत नाही म्हणते. गोळ्यांच्या बाबतीत जपून राहायला सांगते. आणि ते औषधही नाही. ताईंची रोजची गोळी चुकता कामा नये."

हा सावधपणा मला ओळखीचा होता. आमच्याकडे याला 'खाली सही केलेल्याची जबाबदारी नाही' असं म्हणतात. पण त्यात एक प्रामाणिकपणा होता आणि त्या लाल अक्षरांत तो औषधालाही नव्हता.

उठता उठता मी मूळ प्रश्न विचारला. "मग झालं कशामुळे?"

डॉक्टर जरा थांबले. "दोन मोठी कारणं आहेत. बाई असणं आणि वय वाढणं. बाकी घराण्यातलं जनुक काही थोड्यांत सापडतं, दारू असते, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन असतं. तुमच्या ताईंच्या बाबतीत नेमकं एक कारण असं दाखवता येत नाही. पुष्कळांच्या बाबतीत येत नाही."

माझ्यासारख्या माणसाला हे ऐकणं किती जड गेलं असेल, याची तुम्हांला कल्पना यायची नाही. पण बसमध्ये बसल्यावर आठवलं, की यावरही आमच्या धंद्यात सोय आहे. जी रक्कम कुठल्याच खात्याला लागत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात. कोणावर लादायची नाही, कोणाच्या पगारातून कापायची नाही. 'सध्या कळत नाही' असं लिहून, सही करून, घरी जायचं. हिशेबशास्त्रात माणुसकीला एवढी एकच जागा ठेवलेली आहे आणि ती मला बावीस वर्षांत कधी दिसली नव्हती.

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. चावी, कुलूप, उंदीर, शांघाय. ती निमूट ऐकत होती. शाळेच्या डब्याचं वाक्य मी कागदावरून वाचून दाखवलं. तिनं तो कागद मागून घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला आणि पदरानं डोळे पुसले.

"म्हणजे सोयाबीनचा काही दोष नाही म्हण."

"काही नाही."

"आहे," ती म्हणाली. "एक आहे."

आणि मग तिनं जे सांगितलं ते त्या आठ-नऊ महिन्यांत कोणी विचारलंच नव्हतं. गाठ तिला संक्रांतीला लागलेली नव्हती. २०२२ च्या जूनमध्ये, पेरणीच्या घाईत, अंघोळ करताना लागली होती. मनात म्हणाली, पेरणी होऊ दे. मग फवारणी होऊ दे. मग ऑक्टोबरात रास होऊ दे, दाजी एकटे कुठे कुठे पुरणार. मग माल मोंढ्याला जाऊ दे. मग दिवाळी, भाऊ येतोय लेकरांना घेऊन, सणासुदीला कशाला.

भाऊ म्हणजे मी. त्या दिवाळीत मी चार दिवस तिच्याकडे होतो. सोयाबीनचं एक पोतं हलवायला हात लावला आणि पुढचे तीन दिवस पाठ धरून बसलो. ताईनं माझ्या पाठीला तेल चोळून दिलं. सात महिने तिची गाठ आणि तीन दिवस माझी पाठ, आणि त्या घरात चर्चा झाली ती पाठीची.

खाल्लेल्या सोयाबीनच्या मागे आम्ही भिंग घेऊन लागलो होतो. रुसून बसलेला, "आधी माझं बघ," म्हणणारा शेतातला सोयाबीन कोणाच्या यादीत नव्हता. आणि खरं बघता त्याचाही काय दोष? तो बिचारा आपल्या वेळेवर पिकला होता. "आधी तुझं बघ," म्हणायला घरात माणसं होती, ती जेवत होती.

नशीब, गाठ फार पसरली नव्हती. ती टाळली तर काय होतं आणि वेळेवर बघितली तर काय होतं, याचा हिशेब आपल्याच मुंबईत मांडलेला आहे. टाटा मेमोरिअलनं १९९८ साली तो सुरू केला. वस्त्यांतल्या, पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखांवर बायका घेतल्या. त्यांतल्या निम्म्याजणींची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, तपासणी केली. यंत्र नाही, डॉक्टरही नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका, नुसत्या हातांनी. वीस वर्षांचा जमाखर्च २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बायकांत आजार लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्यानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार निघाल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यांतल्या कितीजणी रास व्हायची वाट बघत होत्या, हे कुठल्या तक्त्यात नसतं.

ताई गावी परतली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. गोळी चालू आहे. दाजींनी ती गोळी मोबाइलच्या गजरावर बसवली आहे आणि गजर झाला, की ते शेतातून ओरडतात. दर मृगाला, पेरणीआधी, ताई दोन्ही मुलींना आणि शेजारच्या चार-पाचजणींना गोळा करून तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीला नेते. कोणी लाजली, तर सरळ आजाराचं नाव घेते, मोठ्यानं, भर एसटीत. कंडक्टर तिकिटांत डोकं घालतो म्हणे. मीसुद्धा सुधारलो आहे. परवा शाखेत एका सहकाऱ्यानं, "बहिणीला काय झालं होतं हो?" असं विचारलं, तेव्हा मी खणखणीत सांगितलं. पासबुक भरायला आलेल्या दोन बाया वळून बघायला लागल्या. त्यांतली एक नंतर काउंटरशी येऊन हळूच म्हणाली, "कुठल्या डॉक्टरला दाखवलं होतं?" मी पासबुकाच्या मागे नाव लिहून दिलं.

गेल्या दिवाळीला पिठाचा डबा आला. दहाला एक, भाजून, नेहमीप्रमाणे. झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती, ताईच्या अक्षरात: 'सूनबाई, पोळ्या नंतर कर. आधी तपासून ये.' आमच्या हिनं चिठ्ठी वाचली, डबा तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन आली. सगळं ठीक निघालं. त्या दिवशी दुपारी मी डब्यात हॉटेलची इडली नेली. बावीस वर्षांत जेवणाचा एवढा फरक मी पहिल्यांदाच बिनतक्रार सस्पेन्सला टाकला.